आईकडचं नातं

अरुणाचल प्रदेशातल्या एका डोंगरउतारावर दुसऱ्या महायुद्धातलं एक अमेरिकन विमान पडलेलं आहे. त्यातल्या माणसांचे अवशेष शोधणाऱ्या तुकडीत हाडं ओळखणारी म्हणून मला जायला मिळालं. गावाचं नाव, विमान पडल्याची तारीख, आत किती जण होते, हे मी इथे लिहिणार नाही. यांतल्या दोन गोष्टी कळल्या तरी याद्या अभ्यासणारा माणूस ते विमान कोणतं हे सांगू शकतो. ज्या घरांना अजून अधिकृतपणे काहीच कळवलेलं नाही, त्यांना ते माझ्या लेखातून कळू नये. काम कसं चालतं ते मात्र सगळं सांगते, कारण आपल्याकडे याबद्दल फार कमी बोललं जातं आणि बोलायला हवं.

माझं शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातलं. पुरातत्त्व शिकता शिकता मी सांगाड्यांकडे वळले. इनामगावच्या उत्खननातले सांगाडे तिथे आहेत. घोड नदीकाठच्या त्या वस्तीला तीन हजार वर्षं होऊन गेली. तिथल्या लोकांनी आपली दगावलेली लहान मुलं राहत्या घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरली होती. बाळाच्या बरगडीचा तुकडा आणि उंदराचं हाड यांतला फरक ओळखायला मी त्यांच्यावर शिकले. त्या मुलांची नावं कोणालाही कधीच कळणार नाहीत. अरुणाचलमधलं काम मला जड गेलं ते त्यामुळे. तिथल्या मृतांना नावं होती, पत्ते होते, आणि फायलीत त्यांच्या घरच्यांनी सरकारला लिहिलेली पत्रं होती.

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि चीनला रसद नेणारा बर्मा रोड तुटला. मग आसामातल्या चबुआ, दिनजान, मोहनबारी, जोरहाट अशा धावपट्ट्यांवरून पेट्रोल आणि दारूगोळा हिमालयाच्या पूर्वेकडच्या रांगा ओलांडून विमानाने चीनमधल्या कुनमिंगला जाऊ लागला. वैमानिक या मार्गाला 'हंप' म्हणत. युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल असा गेला आणि त्यापायी सुमारे सहाशे विमानं गेली. जपानी विमानांपेक्षा हवेनेच जास्त बळी घेतले. पंखांवर बर्फ साचायचं, वारा विमानाला एकदम खाली दाबायचा, नकाशांवर डोंगरांच्या उंच्या चुकीच्या असायच्या. चालवणारी मुलं बहुतेक विशीतली होती.

अमेरिकेचे या युद्धातले सत्तर हजारांहून अधिक लोक आजही बेपत्ता यादीत आहेत. त्यांतले सुमारे चारशे भारताच्या भूमीवर पडले असावेत, बहुतेक या ईशान्येकडच्या डोंगरांत. युद्धानंतर लगेच अमेरिकन लष्कराच्या शोधतुकड्या येऊन गेल्या होत्या. पण कित्येक फायलींवर अवशेष मिळण्याजोगे नाहीत असा शेरा मारून त्या बंद झाल्या. आता हे काम त्यांच्या संरक्षण खात्याची डीपीएए ही संस्था करते. २०२१ मध्ये तिने गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीशी करार केला. माझी वाट त्यानंतरच्या घडामोडींतून निघाली.

कामाची सुरुवात कागदांवर होते. १९४३ पासून अमेरिकन हवाई दल प्रत्येक न परतलेल्या विमानाचा अहवाल भरत असे. त्यात माणसांची नावं, शेवटचा संपर्क, हवामान यांच्याबरोबर इंजिनांचे आणि मशीनगनचे क्रमांकही लिहिलेले असत. ज्याने तो कागद टंकलिखित केला त्याला वाटलंही नसेल, की ऐंशी वर्षांनी कोणी जंगलात गुडघ्यांवर बसून इंजिनावरची चिकटलेली माती ओल्या फडक्याने पुसेल आणि त्यातला एक क्रमांक जुळवेल. दुसरा महत्त्वाचा कागद म्हणजे मृत सैनिकाची स्वतंत्र फाइल. १९७३ मध्ये सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि दीड कोटीहून जास्त सेवापुस्तिका जळाल्या. मृतांच्या या फायली मात्र वेगळ्या ठेवलेल्या होत्या, म्हणून वाचल्या. दातांचे तक्ते त्यांतच मिळतात.

आमच्या जागेचा ठावठिकाणा कागदांनी नव्हे, गावाने दिला. बहुतेक ठिकाणी असंच घडलं आहे. ॲरिझोनाचे क्लेटन कूल्स हे गिर्यारोहक स्वतःच्या खर्चाने या डोंगरांत वर्षानुवर्षं फिरले आणि त्यांनी वीसहून अधिक विमानांच्या जागा नोंदवल्या, त्याही शिकारी लोकांच्या मागे मागे जाऊन. आमच्या गावातही विमान सगळ्यांना ठाऊक होतं. गावबुढ्यांच्या, म्हणजे गावाच्या प्रमुखांच्या, घरात चुलीवरच्या मांडवाला ॲल्युमिनियमचा एक पत्रा ठोकलेला होता. धुराने काळाभोर झालेला, पण रिबिटांची रांग स्पष्ट दिसत होती. तो काढून नेणार का, असं त्यांनी जरा बिचकतच विचारलं. आमच्या प्रमुखांनी नाही म्हणून सांगितलं. मग आम्ही पत्र्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि ठसलेला सुट्या भागाचा क्रमांक तेवढा उतरवून घेतला.

हे गाव आदी जमातीचं. त्यांच्या गावात जमीन आणि जंगल कुळांच्या मालकीचं असतं. कोणत्या कुळाच्या रानात खणायचं, कोणती झाडं तोडायची, कोणत्या झाडाला हात लावायचा नाही, हे सगळं गावाच्या सभेत ठरलं. गावबुढे लाल कोट घालून बसले होते. सभा रात्रीपर्यंत चालली आणि चालायलाच हवी होती. आपण दुसऱ्याच्या रानात जाऊन दुसऱ्याच देशाचे मृत उकरून नेणार, तर त्या माणसांना प्रश्न विचारायला वेळ द्यायलाच हवा. एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने सांगितलं, "हम लोग उधर शिकार नहीं करता. बाहर का लड़का लोग मरा है उधर." त्यांच्या वडिलांनीच त्या जागेवर न जाण्याचा दंडक घातला होता. पुढे त्या काकांची आणि माझी चांगली गट्टी जमली.

जागेपर्यंतची वाट म्हणजे बांबूच्या बेटांतून दाओने, म्हणजे तिकडच्या लांब कोयत्याने, कापत काढलेली पायवाट. जळवा, चावऱ्या काळ्या माश्या आणि निसरडी माती यांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे, मी लिहीत नाही. सामान गावातल्या बायका-पुरुषांनी वेताच्या टोपल्यांत घालून, पट्टा कपाळाला लावून वर आणलं. आम्ही नुसते चढतानाही दमत होतो.

खरं काम उतारावर. पहिला माणूस आत जातो तो बॉम्ब निकामी करणारा. विमानात मशीनगनची काडतुसं असतात आणि ऐंशी वर्षांनीही त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. त्याने धातुशोधकाने जागा फिरून दिली की दोरखंड बांधले जातात. उतार इतका खडा होता की कोण कुठे उभं राहणार हे गिर्यारोहक ठरवायचा, आम्ही कमरेला दोर बांधून खणायचो. मग खुंट्या ठोकून, सुतळी ताणून चार मीटरचे चौकोन आखले जातात. प्रत्येक चौकोनाला क्रमांक, आणि त्यातून निघालेल्या प्रत्येक बादलीला त्या चौकोनाची चिठ्ठी. इथवर मला सगळं ओळखीचं होतं. आपल्याकडच्या उत्खननातही असंच चालतं, फक्त तिथे थरांना फार महत्त्व असतं. इथे विमान एका क्षणात आदळलं आहे. नंतर ऐंशी पावसाळ्यांनी माती खाली ओढली आहे. म्हणजे वस्तू पडली कुठे आणि सापडते कुठे यांत अंतर असतं, आणि पाण्याने ती कुठून कुठे नेली असेल याचा अंदाज बांधतच पुढचा चौकोन निवडावा लागतो.

खणणारे थोडे असतात. बाकी सगळे चाळण्यांवर. बांबूच्या तिकाटण्यांना सहा मिलिमीटर जाळीच्या चाळण्या टांगल्या होत्या. वरच्या झऱ्यातून नळीने पाणी आणलं होतं. माती चिकट, पिवळसर तांबडी. ती नुसती चाळून जात नाही, पाण्याच्या फवाऱ्याखाली हाताने चुरडावी लागते. बादल्या हातोहात खाली येत. एका चाळणीवर अमेरिकन सार्जंट आणि गावातली कॉलेजात जाणारी मुलगी, दुसरीवर दोन शिकारी आणि मी. जाळीवर उरतं ते सगळं बघायचं. मुळं, खडे, वितळून गोठलेले ॲल्युमिनियमचे थेंब, काचेसारखं प्लास्टिक, रबराचे तुकडे, बुटाच्या नाडीच्या पितळी कड्या, पॅराशूटच्या पट्ट्याचं बक्कल, चेनचा तुकडा. चेनवर कंपनीचं नाव असलं तरी ते नोंदवायचं. वैमानिकांच्या साधनसामग्रीचा एक जाणकार तुकडीत असतो. तो अर्धं बक्कल बघून सांगतो, की हे अंगावर असलेल्या पट्ट्याचं आहे की मालाच्या पट्ट्याचं. हा फरक फार मोठा. अंगावरची वस्तू सापडली म्हणजे माणूस इथे होता.

नियम एकच, शंका आली तर टाकायचं नाही. शंकेच्या सगळ्या वस्तू एका थाळीत माझ्याकडे यायच्या. त्यांतलं बहुतेक हाड नसे. बांबूच्या मुळाचा तुकडा ओला असताना अगदी हाडासारखा दिसतो. जळालेलं रबर, फेसाळून गोठलेलं प्लास्टिक, कुजलेलं लाकूड, सगळं भिंगाखाली धरायचं. हाडाला विशिष्ट छिद्रं असतात, कडेला एक दाट पापुद्रा असतो, वजन वेगळं लागतं. उत्खननात आमच्यातले काही जुने लोक हाड की दगड ठरवायला जिभेचं टोक लावून बघायचे. इथे तसं चालत नाही, कारण त्या तुकड्यावर दुसऱ्या कोणाचं काहीही लागता कामा नये. हातमोजे बदलत राहायचे.

त्या मातीबद्दल एक सांगायला हवं, कारण सगळ्या कामाची अडचण त्यात आहे. एवढ्या पावसाची माती आम्लधर्मी असते. तिच्यात हाड काही दशकांत विरघळून जातं. उरतं ते जळालेलं हाड. तीव्र आगीत हाडातले सेंद्रिय घटक उडून जातात आणि पांढरं, करवंटीच्या तुकड्यासारखं टणक काहीतरी शिल्लक राहतं, त्याला आम्ल सहजासहजी खात नाही. पण डीएनए त्याच आगीत नष्ट झालेला असतो. माणूस इथे मेला एवढं तो तुकडा सांगतो, कोणता माणूस हे सांगू शकत नाही. असे तुकडे आम्हाला मिळत राहिले. मी प्रत्येक तुकडा मोजून, मापून, फोटो काढून नोंदवत होते आणि मनातून दाताची वाट पाहत होते. दाताचं इनॅमल शरीरातलं सगळ्यात कठीण आवरण, त्याच्या आत काही वाचलेलं असू शकतं.

दात मिळाला तो पंखाच्या पत्र्याखाली. पत्र्याने पाणी अडवलं होतं. खालच्या जबड्याची दाढ, चावण्याच्या बाजूला चांदीसारखं भरण. चाळणीवरच्या मुलीने हात वर केला. मी गेले, बघितलं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. सगळीकडचं काम थांबलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं. त्याच चौकोनातून पुढे अक्कलदाढ आली. तिच्या मुळाचं टोक अजून बंद झालेलं नव्हतं. अक्कलदाढेचं मूळ पूर्ण व्हायला साधारण विशी लागते. म्हणजे या मुलाची दाढ अजून वाढत होती. त्याचं वय फायलीत असणार, मला ते सांगितलेलं नव्हतं, तरी ते मला त्या क्षणी समजलं. नोंदवहीत मी लिहिलं ते एवढंच: दात, चौकोनाचा क्रमांक, खोली, वेळ, सही. जास्त काही लिहायची मुभा नसते आणि ते बरोबरच आहे.

त्या संध्याकाळी शेकोटीपाशी शिकारी काकांनी विचारलं, "उसका माँ ज़िंदा है?" मी म्हटलं, नाही काका, कधीच गेली असेल. मग त्यांनी विचारलं, "बहन है?" मला ठाऊक नव्हतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "फिर पहचानेगा कौन?"

त्यांना प्रयोगशाळेतलं काही ठाऊक नव्हतं, तरी प्रश्न अगदी नेमका होता. त्याचं उत्तर पुढे देते.

खणणं कुठे थांबवायचं याचाही नियम आहे. कडेच्या चौकोनांतून काहीच निघेनासं झालं की त्या बाजूची हद्द ठरली. खालची आणि डावीकडची हद्द आम्हाला मिळाली. वरची मिळाली नाही, तोवर पाऊस आला. उघडे चौकोन परत मातीने भरले, उतार धरून राहावा म्हणून झाडोरा लावला. अवशेष मोहोरबंद पेटीत. पेटी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली त्याची प्रत्येक वेळी सही. रात्री पेटी एकटी ठेवायची नाही. एका रात्री माझी पाळी होती. मी तिच्याशेजारी सतरंजी टाकून बसले आणि आजीने शिकवलेलं रामरक्षेचं जे काही आठवलं ते म्हटलं. त्या मुलाचा धर्म कोणता होता मला माहीत नाही, पण तेव्हा तेच योग्य वाटलं.

पेट्या देशाबाहेर जातात त्या सैनिकी मानाने, त्यांच्या झेंड्याखाली. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत असा मोठा समारंभ झाला होता, तेव्हाचे अमेरिकन संरक्षणमंत्री ॲश कार्टर हजर होते. आमच्या वेळी इतकं काही नव्हतं. पण पेटी उचलणाऱ्या जवानांची पावलं तितकीच जुळलेली होती.

पुढचं काम हवाई बेटांवरच्या किंवा नेब्रास्कातल्या प्रयोगशाळेत. ज्या तज्ज्ञाकडे हाडं तपासायला येतात त्याला ती कोणाची असावीत याची कल्पना देत नाहीत. वय, उंची, जुन्या जखमा त्याने नुसत्या हाडांवरून लिहायच्या, मग दुसऱ्या कोणीतरी ते फायलीशी ताडायचं. मला ही पद्धत मनापासून पटते. उत्तर आधी माहीत असलं की डोळे तेच शोधू लागतात. दातांवरचं भरण दंतवैद्याच्या जुन्या तक्त्याशी जुळवतात. कोरियन युद्धातल्या सैनिकांच्या बाबतीत आणखी एक युक्ती वापरतात. भरतीच्या वेळी क्षयासाठी छातीचा एक्स-रे काढलेला असे. त्यात दिसणारं गळपट्टीचं हाड सापडलेल्या हाडाशी ताडता येतं. महायुद्धातल्या मुलांचे तसे एक्स-रे सहसा मिळत नाहीत. मग नमुना डेलावेअरमधल्या डोव्हरला, सैन्याच्या डीएनए प्रयोगशाळेत जातो.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. जुन्या, झिजलेल्या हाडात सगळ्यात जास्त टिकतो तो मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणांतला, डीएनए, कारण एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. तो फक्त आईकडून येतो. मुलाला येतो, मुलीलाही येतो, पण पुढे जातो तो मुलीकडूनच. म्हणून त्या वैमानिकाला मूल असलं तरी या तपासणीत त्याचा उपयोग नाही. त्याची बहीण चालते, बहिणीची मुलं चालतात, मावशीच्या मुली, त्यांच्या मुली, अशी कितीही लांब गेलेली बायकांची ओळ चालते. गालाच्या आतून कापूस फिरवला की नमुना झाला. एकच प्रकार पुष्कळ लोकांत असू शकतो, म्हणून नुसत्या या जुळणीवर नाव देत नाहीत. दात, जागा, विमानाचा क्रमांक, सगळं एकत्र यावं लागतं. पण न जुळणाऱ्याला बाजूला काढण्यासाठी हा पुरावा फार भक्कम.

याचं एक पूर्ण झालेलं उदाहरण आहे. जानेवारी १९४४ च्या २५ तारखेला कुनमिंगहून चबुआला निघालेलं 'हॉट ॲज हेल' नावाचं बी-२४ विमान आठ जणांसह नाहीसं झालं. २००६ मध्ये कूल्स यांना ते अप्पर सियांगमधल्या दामरोह गावाजवळ सापडलं. जाणं-येणं, परवानग्या, हवामान यांत वर्षं गेली. प्रत्यक्ष उत्खनन झालं २०१५ मध्ये. २०१७ मध्ये त्यातल्या फर्स्ट लेफ्टनंट रॉबर्ट यूजीन ऑक्सफर्ड यांची ओळख पटली. त्याच वर्षी जून महिन्यात जॉर्जिया राज्यातल्या कॉंकर्ड या त्यांच्या लहानशा गावी त्यांचं दफन झालं. गेले तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. विमान सापडल्यापासून माणूस घरी जाईपर्यंत दहा वर्षांहून जास्त काळ गेला. आमच्या दाढेला किती लागेल कोण जाणे. मी चौकशी करत नाही. कळवायचं ते आधी त्या घराला कळवतील, आणि पहिला हक्क त्यांचाच.

परतल्यावर मला चैन पडेना ते वेगळ्याच कारणाने. माझ्या आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, थोरला भाऊ मराठा पलटणीत होता. इटलीत गेला आणि तिकडेच राहिला. आजीचं माहेर साताऱ्याकडचं. बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी माहुलीच्या संगमावर पालाशविधी केला, पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी दिला. आजी ते सांगताना कधी रडायची नाही, पण त्या पुतळ्याला 'दादा' म्हणायचीही नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले, त्यांचंही नाव तिथल्या कॅसिनो स्मारकावर आहे. ज्यांची समाधी ठाऊक नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं त्या स्मारकावर कोरलेली आहेत.

दादांच्या हाडाशी जुळणारा डीएनए आजीत होता, आईत आहे, माझ्यात आहे. ही गोष्ट मी वर्गात शिकवली आहे, आणि तरी ती माझ्या घराला लागू होते हे मला काकांच्या प्रश्नानंतर उमगलं. पण माझा नमुना मागणारं कोणी नाही. राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशानांत अनोळखी म्हणून दफन झालेल्यांच्या समाध्या ओळख पटवण्यासाठी उघडायच्या नाहीत, असं तिथलं धोरण आहे. नव्याने सापडलेल्या अवशेषांचीच तपासणी होते. अमेरिका अनोळखी समाध्या उघडते. मृतांची शांतता मोडू नये हे म्हणणं मला समजतं, पण ज्या घरांनी पानांचा माणूस जाळला त्यांना कोणी कधी विचारलं नाही, हे मला सलतं.

आपल्या देशातही हा प्रश्न जिवंत आहे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एएन-१२ विमान रोहतांगच्या भागात हिमनदीवर पडलं, आत १०२ जण होते. युद्ध चालू नव्हतं, पण माणसं सैन्याचीच. २००३ पासून हिमनदी त्यांना थोडंथोडं परत देते आहे. २०२४ मध्ये आणखी चौघे मिळाले. बर्फात देह टिकतो, खिशातला कागदही टिकतो, म्हणून ओळख पटते. पण पुढे तुकडेच मिळतील, तेव्हा कागद नसेल. आज त्या जवानांच्या बहिणी सत्तरी-ऐंशीच्या आहेत. माझी कळकळीची मागणी आहे की उरलेल्या प्रत्येक घरातून आत्ताच नमुने घेऊन ठेवावेत. गालातून कापूस फिरवायला काय लागतं? हाडं वाट बघतील. बहिणी किती बघणार?

आणि इथे आपली एक खास अडचण आहे. आपल्या घराघरांत कुलवृत्तांत आहेत, पंधरा-पंधरा पिढ्यांचे. त्यांत मुलगे नावानिशी आहेत. मुलींच्या जागी कित्येकदा नुसतं 'कन्या दोन' लिहिलेलं असतं. लग्नात आडनावाबरोबर नावही बदललं, म्हणजे माहेरच्या कागदातली मुलगी सासरच्या कागदात सापडतच नाही. अमेरिकेतल्या वंशशोधकांनाही बदललेल्या आडनावांचा त्रास होतोच, पण तिथे जनगणनेचे तक्ते, लग्नाच्या नोंदी आणि वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता जुळवून ते बायकांची ओळ लावतात. माझ्या घरी मी आई आणि मावशीला समोर बसवलं आणि आईकडची ओळ लिहायला घेतली. आजी, तिची आई, तिची आई. तिथपर्यंत माहेरची नावं मिळाली. त्याच्या मागे मावशीला एक गाव आठवलं, नाव नाही. आडव्या बाजूलाही लिहिलं, कोणाच्या मुली कुठे दिल्या, त्यांच्या मुली आता कुठे आहेत. पनवेलला एक घर निघालं, बेळगावला दोन. सगळ्यांना फोन केले. मावसबहिणींनी आपापल्या घरी तेच सुरू केलं आहे, आणि कोणाच्या घरून कोण सैन्यात गेलं होतं तेही त्याच वहीत लिहिलं जातंय.

पावसाळा संपला की वरच्या बाजूचे चौकोन उघडायचे आहेत. विमान ज्या रोखाने आदळलं त्यावरून पुढचा भाग तिकडे असावा असा अंदाज आहे, म्हणजे चालवणारे दोघे अजून वरच असतील. वाट पुन्हा वाढली असेल. गावातून निरोप आलाय की भात कापून झालं की ते ती साफ करून ठेवतील, आणि येताना मी चाळण्यांसाठी जाड हातमोजे जास्त आणावेत.